पाहुण्याची रायफल, शेतकऱ्याची ठासणी : कस्टमच्या टेबलावरचा एक जुना पक्षपात

१/ १९६३ चा हिवाळा डोळ्यांसमोर आणा. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर एक परदेशी पाहुणा उतरला आहे. हाती चामड्याची लांब पेटी, पेटीत रायफल. त्याच सुमारास सावनेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ज्वारीत रानडुकरे शिरली आहेत आणि त्याला बंदूक हवी आहे. या दोघांकडे एकच कायदा दोन नजरांनी पाहत होता. आजचा थ्रेड त्या दोन नजरांविषयी.

२/ हे दोन प्रसंग कल्पित आहेत. कायदा मात्र कल्पित नाही. त्याची कलमे आजही कोणालाही वाचता येतात. इतिहास म्हणजे लढाया आणि तहनामे एवढेच, अशी आपली समजूत असते. मला वाटते, एखाद्या राजवटीचा स्वभाव ओळखायचा असेल तर तिच्या कस्टमच्या टेबलाजवळ उभे राहावे. कोणाची पेटी उघडली जाते आणि कोणाची सलाम करून पुढे सोडली जाते, हे तिथे दिसते.

३/ सावनेरच का? नागपूरहून उत्तरेला निघालेल्या दोन वाटा इथे फुटतात : एक पांढुर्णा-मुलताईवरून बैतूलकडे, दुसरी सौंसरवरून छिंदवाड्याकडे. नागपूर–छिंदवाडा ही नॅरोगेज गाडीही इथूनच जात असे. पूर्वेला पारशिवनी-रामटेक आणि पेंचचे जंगल, उत्तरेला सातपुडा. राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी अखेरचा श्वास घेतला ते गाव म्हणून महाराष्ट्र सावनेरला ओळखतो. शिकाऱ्यांच्या दृष्टीने मात्र हा जंगलाकडे जाणारा उंबरठा.

४/ आधी दोन शब्द. ‘शिकार’ आपल्याकडे फारसीतून आला. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द. त्याचे मूळ अरबी ‘सफर’, जो मराठीतही प्रवास याच अर्थाने रुळला आहे. म्हणजे सफारी म्हणजे निव्वळ प्रवास. पूर्व आफ्रिकेत त्याला बंदुकीचा वास चिकटला, आणि पुढे भारतातही परदेशी पाहुण्यांसाठी आखलेल्या शिकारीला हेच नाव मिळाले. प्रवास आणि बंदूक एकत्र आली की तिसरा पक्ष आपोआप येतो : सीमेवरचा कस्टम अधिकारी.

५/ आता कायद्याकडे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना आवश्यक झाला. युरोपीय लोकांना त्यातून सूट मिळाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत एवढे असते. त्याच कायद्याचे सहावे कलम मात्र क्वचितच कोणी वाचतो, आणि आपला विषय तिथेच सुरू होतो.

६/ सहाव्या कलमाचा आशय असा : परवान्याशिवाय शस्त्रे देशात आणू नयेत वा बाहेर नेऊ नयेत. परंतु ज्याला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे, त्याने स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी ‘वाजवी प्रमाणात’ शस्त्रे व दारूगोळा आणल्यास ही अट लागू नाही. कस्टमचा कलेक्टर मात्र ते सरकारी हुकूम येईपर्यंत अडकवून ठेवू शकतो.

७/ वरवर पाहता कलम निःपक्षपाती आहे. त्यात वर्णाचा उल्लेख नाही. पण ‘कायदेशीर अधिकार’ कोणाला, हे दुसऱ्या नियमांनी ठरत होते. सूट असलेल्या साहेबाला तो अधिकार जन्मतः होता, म्हणून बंदरावर त्याची पेटी सहज सुटे. हिंदी माणसाने आधी परवाना मिळवायचा, मग बंदराची भाषा बोलायची. भेदभाव एका कलमात शोधून सापडत नाही. दोन नियम शेजारी ठेवून वाचले की तो उघडा पडतो. ही युक्ती लक्षात ठेवा; पुढे पुन्हा लागेल.

८/ हा अपमान त्या पिढीला बोचत होता. राष्ट्रीय सभेने आपल्या सुरुवातीच्या वर्षांतच या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदवला गेला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या संघटनेने हे लिहावे, यात विसंगती शोधू नका. प्रश्न बंदुकीचा नव्हता, विश्वासाचा होता.

९/ आता कस्टमच्या ताकदीचा एक विलक्षण दाखला. १८९८ साली रिग्बी कंपनीने ०.४५० बोअरची नवी जोरदार रायफल बाजारात आणली. मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्यांत ती फार लोकप्रिय झाली. परंतु लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकाही त्याच मापाच्या, आणि त्यांतल्या कित्येक बंडखोरांच्या हाती पडलेल्या. शिकाऱ्याची काडतुसे उलगडून त्यांच्या गोळ्या या बंदुकांत वापरल्या जातील, ही धास्ती सरकारला वाटू लागली.

१०/ म्हणून १९०७ च्या सुमारास भारतात आणि सुदानात या बोअरच्या काडतुसांच्या आयातीवर बंदी आली. परिणाम? इंग्लंडमधील बंदूक कारखानदारांनी बंदी चुकवणारी नवी मापे काढली : हॉलंड अँड हॉलंडची ‘५००/४६५’, जोसेफ लँगची ‘४७०’. आफ्रिकेच्या सफारीत आज ‘४७०’ चे कौतुक करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते की तिचा जन्म हिंदुस्थानच्या बंदरावरील एका मनाईतून झाला.

११/ यातून काय दिसते? राज्यकर्त्यांनी मनावर घेतले की कस्टमचा एक नियम जगभरच्या बंदुकीच्या नळीचे माप बदलू शकतो. तपासणी दुबळी कधीच नव्हती. ती कशाची करायची, हे ठरवणारे डोके महत्त्वाचे. १९०७ च्या डोक्यात बंडाची भीती होती. वाघाची फिकीर त्यात कुठेच नव्हती.

१२/ आपल्या भागातील जंगलांची कीर्ती तोवर सर्वदूर पसरली होती. जेम्स फोर्सिथचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ साली, स्टर्नडेलचे ‘सिवनी’ १८७७ साली, आणि वनाधिकारी डनबार ब्रँडरचे ‘वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ १९२३ साली प्रसिद्ध झाले. ही पुस्तके वाचून साता समुद्रापार बसलेल्या माणसाला सातपुड्याचे वेड लागावे, यात नवल नाही.

१३/ स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, पण शिकार राहिली. तिचा व्यवसाय झाला. नागपूर हे त्या व्यवसायाचे मोठे ठाणे. विद्याचरण शुक्ल हे नाव तुम्ही केंद्रीय मंत्री म्हणून ऐकले असेल. १९५१ साली नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी ‘ॲल्विन कूपर’ ही कंपनी काढली, जी मध्य भारताच्या जंगलांत शिकारी मोहिमा आणि छायाचित्रणाच्या सफारी आखत असे. १९५७ साली ते लोकसभेत गेले. हा व्यवसाय तेव्हा पूर्णपणे कायदेशीर होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

१४/ नागपूर सोयीचेही होते. ३० जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून सुटणारी रात्रीची टपाल-विमाने मध्यरात्री सोनेगाव विमानतळावर एकत्र येत आणि टपालाची व प्रवाशांची अदलाबदल करून परतत. मुंबईत कस्टम उरकलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी जंगलात असू शकत होता. त्यात १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि सावनेरच्या पलीकडे राज्याची नवी हद्द पडली.

१५/ आता मूळ मुद्दा. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. याचे दहावे कलम आयात-निर्यातीचे. त्यात एक नवी सवलत होती : सरकारने अधिसूचित केलेल्या देशाचा प्रामाणिक पर्यटक, त्याच्या देशात त्याला मनाई नसेल तर, केवळ ‘स्पोर्ट’साठी वाजवी प्रमाणात शस्त्रे व काडतुसे भारतीय आयात परवान्याशिवाय सोबत आणू शकतो.

१६/ पर्यटक कोण, तेही कायद्याने सांगितले : भारताचा नागरिक नसलेला, सहा महिन्यांहून अधिक न राहणारा, करमणूक वा प्रेक्षणीय स्थळांसाठी आलेला. आणि कस्टम अधिकाऱ्याला अधिकार दिला : हा खरा पर्यटक आहे का, प्रमाण वाजवी आहे का, उपयोग सांगितला तोच आहे का, यांविषयी शंका वाटली तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत शस्त्र अडकवून ठेवावे. लक्षात घ्या : शंका वाटली तर.

१७/ तपासणी म्हणजे काय असते? बंदूक रिकामी आहे का ते पाहायचे. कारखानदाराचे नाव, बोअर आणि नळीवर किंवा चापाच्या भागावर कोरलेला क्रमांक वाचून कागदाशी ताडायचा. काडतुसे मोजायची. जाताना तीच बंदूक परत जाते आहे ना, ते पाहायचे. काम नेटके आहे आणि आवश्यकही आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही.

१८/ आता मघाची युक्ती वापरा आणि त्याच कायद्याचे तेरावे कलम शेजारी ठेवा. ते नागरिकाच्या परवान्याचे. पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याला कोणती बंदूक? कायदा सांगतो : तोंडाकडून दारू भरायची ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. आणि या सगळ्याआधी चौकशी.

१९/ फरक दिसला? पाहुण्याच्या बाबतीत कायदा विश्वासाने सुरू होतो आणि शंका आली तरच थांबतो. शेतकऱ्याच्या बाबतीत शंकेने सुरू होतो आणि खात्री पटली तरच पुढे सरकतो. पाहुण्याचे प्रयोजन ‘स्पोर्ट’, म्हणजे हौस. शेतकऱ्याचे प्रयोजन वर्षभराचे धान्य. स्वतंत्र भारताच्या संसदेने संमत केलेल्या कायद्यात हौसेला विश्वास आणि गरजेला चौकशी मिळावी, हे मला आजही खटकते.

२०/ यावर एक रास्त आक्षेप येईल. पाहुणा महिनाभराने बंदूक घेऊन परत जातो. शेतकऱ्याची बंदूक गावात कायम राहते. ती भांडणात निघू शकते, चोरीला जाऊ शकते. म्हणून कायम परवान्याला अधिक चौकशी हवी. हे मला मान्य आहे. गावोगाव बंदुका वाटा, असे मी म्हणत नाही. पण जो निकष सुरक्षिततेचा, तो दोघांनाही ‘काय मारणार?’ हा प्रश्न विचारायला भाग पाडत नाही. आणि तो प्रश्न कस्टमच्या टेबलावर विचारलाच जात नव्हता.

२१/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाहुणे डॉलर आणत. देशाला परकीय चलनाची चणचण होती. शिवाय जंगलाचे पहिले जाणकार शिकारीच होते. डनबार ब्रँडर, कॉर्बेट हे बंदूकवालेच. आफ्रिकेत नामिबियाने १९९६ साली कायदा बदलून गावांच्या वन्यजीव-मंडळांना हक्क दिले, आणि नियंत्रित शिकारीचा पैसा गावांपर्यंत पोहोचू लागला. मग आपल्याकडे तेच का चालले नाही?

२२/ माझे उत्तर असे : नामिबियात गाव त्या प्राण्याचे वाटेकरी झाले. आपल्याकडे गावाच्या वाट्याला हाक्याची मजुरी आली. मचाण बांधणारा, माग काढणारा, झाडीतून आरडाओरड करत वाघाला पुढे काढणारा माणूस गोंड किंवा कुणबी. बंदूक पाहुण्याची, परमिट वनखात्याचे, नफा कंपनीचा. ज्याच्या जंगलातून हे सारे घडे, त्याला वाघ वाचण्यात काही लाभ नव्हता आणि रानडूक मारायला ठासणीच.

२३/ आणि सर्वांत मोठी चूक मोजणीची. प्रत्येक रायफलीचा क्रमांक सरकारी कागदावर होता, प्रत्येक काडतूस मोजलेले होते. त्या रायफली ज्या वाघांवर रोखल्या जात होत्या, त्यांचा देशव्यापी आकडा कोणाकडेही नव्हता. १९६९ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची परिषद भरली आणि वाघाविषयीची चिंता जगासमोर आली. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. पहिली देशव्यापी गणना झाली १९७२ साली. आकडा निघाला १,८२७.

२४/ क्रम पाहा : आधी शिकारीला परवानगी, मग बंदी, आणि मोजणी सगळ्यांत शेवटी. घरातली तिजोरी उघडी ठेवून पाहुण्याच्या खिशातले सुटे पैसे मोजावेत, तसा हा प्रकार. कस्टमचा कारकून आपले काम चोख करत होता. त्याला चुकीची वस्तू मोजायला बसवले होते. दोष व्यक्तीचा नव्हता, प्रश्नाचा होता.

२५/ १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडील पेंच १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्प. नव्या कायद्याचे चौतिसावे कलम सांगते : अभयारण्यात वा त्याच्या दहा किलोमीटर परिसरात राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र-परवानाधारकाने आपल्या नावाची वनखात्याकडे नोंद करावी. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवाना-शिकारही संपली.

२६/ ही बंदी योग्यच होती; माझी त्याविषयी तिळमात्र शंका नाही. २०२२ च्या अंदाजानुसार देशात सुमारे ३,६८२ वाघ आहेत, त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रात. पण हिशेब पूर्ण मांडायचा तर हेही लिहा : जंगल रिकामे करण्यात ज्याचा हात होता तो पाहुणा रायफल घेऊन घरी गेला. नोंदवहीत नाव उरले ते गावातल्या ठासणीवाल्याचे. आणि वाढलेल्या रानडुकरांशी आज गाठ पडते तीही त्याच्याच नातवंडांची.

२७/ आता काटा उलटा फिरला आहे. भारतात शिकार बंद, म्हणून ऐपत असलेले काही भारतीयच आफ्रिकेत सफारीला जातात. आता आपण पाहुणे! दक्षिण आफ्रिकेत उतरल्यावर पोलिसांचा ५२० क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि तात्पुरता आयात परवाना मिळाल्यावरच रायफल हाती येते. अमेरिकी शिकारी निघण्यापूर्वीच आपल्या कस्टमकडून ४४५७ क्रमांकाचा दाखला घेतो, म्हणजे परतताना ‘ही बंदूक माझीच’ हे सिद्ध करता येते. केनियाने तर १९७७ सालीच शिकार बंद केली.

२८/ या आधुनिक तपासणीत एक मोलाची भर पडली आहे. १९७५ साली अमलात आलेल्या आणि भारताने १९७६ साली स्वीकारलेल्या ‘साइटिस’ करारामुळे आता सीमेवर दोन गोष्टी तपासल्या जातात : बंदूक आणि तिने मारलेला प्राणी. कातडे, शिंग, सुळा यांना स्वतंत्र कागद लागतो. १९६३ च्या टेबलावर जो प्रश्न नव्हता, तो आता आहे. प्रगती म्हणायची तर हीच.

२९/ एक प्रसंग मला आशादायी वाटतो. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना रिग्बीची ०.२७५ रायफल भेट मिळाली. २०१६ साली तीच रायफल इंग्लंडहून पुन्हा भारतात आणली गेली, ती कॉर्बेट यांच्या कुमाऊँतील लोकांना पाहता यावी म्हणून. शंभर वर्षांनी एक शिकारी रायफल सीमा ओलांडून आली आणि या वेळी तिच्यापुढे कोणाचा जीव नव्हता.

३०/ माझे मत थोडक्यात. बंदुकीची कस्टम तपासणी कडक असावी, पाहुण्याचीही आणि आपलीही. पण तपासणीचा मान तिच्या कडकपणात नसतो, ती सर्वांना सारखी असण्यात असतो. दहाव्या कलमात पर्यटकाला मिळालेला आरंभीचा विश्वास तेराव्या कलमातील शेतकऱ्यालाही मिळावा : चौकशी करा, परंतु मुदतीत करा आणि नकाराचे कारण लेखी द्या. पीक मुदतीत येते. सरकारी कागदानेही यावे.

३१/ आणि तुम्हा तरुण अभ्यासकांना एक विनंती. शिकारीचा इतिहास साहेबांच्या आठवणींतूनच वाचू नका. कायद्याची दोन कलमे शेजारी ठेवून वाचा. जिल्ह्याच्या जुन्या परवाना नोंदी, वनखात्याची शिकार परमिटे आणि कातडी कमावणाऱ्यांच्या वह्या शोधा. सावनेर, खापा, पारशिवनीच्या गावांत ज्यांच्या आजोबांनी हाके घातले, त्यांच्याशी बोला. ती माणसे आता थोडी उरली आहेत आणि त्यांची नोंद कोणत्याही कस्टमने केलेली नाही.

३२/ थ्रेड समाप्त. कोणाच्या घरी पिकाच्या राखणीचा जुना परवाना, हाक्याच्या मजुरीची पावती वा तसा एखादा कागद जपलेला असेल, तर अवश्य लिहा. एखाद्या कलमाचा अर्थ मी चुकीचा लावला असे वाटल्यास तेही सांगा. दुरुस्ती आनंदाने करीन.